नवे कॅलिपर, नवे सिलिंडर, दीड लिटर ब्रेक ऑइल, तरीही पेडल मऊ

नवशिका डिचोलीकर (प्रश्न)

सर्वांस नमस्कार. माझ्याकडे 2011 सालची छोटी हॅचबॅक आहे. पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस (जोरात ब्रेक लावल्यावर चाके अडकू न देणारी यंत्रणा) नाही. रोज डिचोली ते पणजी जाणे-येणे असते आणि महिन्यातून एकदा चोर्ला घाटाने बेळगावला जावे लागते. मागच्या खेपेस घाट उतरून केरीला पोहोचेपर्यंत गाडी डावीकडे ओढू लागली. उतरून पाहिले तर पुढचे डावे चाक हात लावता येणार नाही इतके तापले होते आणि जळका वास येत होता. घरी येऊन उघडले तेव्हा कॅलिपरचा (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन गंजून अडकलेला दिसला. चारही चाके काढलीच होती म्हणून मागचे ड्रमही उघडले, तर एका व्हील सिलिंडरमधून (ड्रममधल्या ब्रेकला दाब देणाऱ्या भागातून) ऑइल झिरपून ब्रेकचे लायनर भिजलेले होते.

चवथीचे दिवस असल्याने आसपासची गॅरेजे बंद होती, आणि खरे सांगायचे तर हे काम एकदा आपल्या हातांनी करून पाहण्याची हौसही होती. त्यामुळे पुढचे दोन्ही कॅलिपर, पुढचे दोन्ही रबरी होज, मागचे दोन्ही व्हील सिलिंडर आणि ब्रेक शूचा (ड्रमला आतून घासणाऱ्या, लायनर लावलेल्या तुकड्यांचा) संच असे सगळे सुटे भाग म्हापशाहून आणले आणि अंगणात शेड घालून दोन दिवसांत बसवले. पहिल्या दिवशी अंधार पडल्यावर काम तसेच सोडले. पुढच्या होजांची तोंडे फडक्याने बांधली होती, तरी सकाळी पाहतो तो ब्रेक ऑइलची वरची टाकी रिकामी झालेली होती.

त्यानंतर ब्रेकच्या पाइपांत शिरलेली हवा काढण्याचे काम सुरू केले. पुतण्या आत बसून पेडल दाबत होता आणि मी खाली निप्पल (हवा आणि ऑइल बाहेर सोडणारा पोकळ स्क्रू) सोडून बंद करत होतो. पुढच्या चाकांचे निप्पल खालच्या बाजूस आल्यामुळे नळी आणि बाटली लावणे फार सोयीचे गेले. मागे मात्र आडवे पडूनच काम करावे लागले. सुरुवातीला चारही चाकांतून भरपूर बुडबुडे आले, नंतर स्वच्छ ऑइल येऊ लागले. गेल्या वर्षी उघडलेली अर्धी बाटली आधी संपवली, मग नव्या बाटल्या आणल्या. आतापर्यंत जवळजवळ दीड लिटर ऑइल गेले आहे आणि चाकांच्या चार फेऱ्या झाल्या आहेत.

एवढे करूनही पहिल्या दाबाला पेडल दोन तृतीयांश खाली जाते. लागोपाठ तीन-चार वेळा दाबले तर ते निम्म्यापर्यंत वर येते, पण पायाखाली स्प्रिंग असल्यासारखे लिबलिबीत लागते. बाहेर कुठेही गळती नाही. पाय दाबून धरला तर पेडल आणखी खाली सरकत नाही. सुटे भाग देणाऱ्या दुकानदाराने फोनवर ऐकूनच सांगितले की मास्टर सिलिंडर (पेडलच्या दाबाने ऑइल चारही चाकांकडे ढकलणारा भाग) गेला, तो बदला. तो बदलण्याआधी आणखी काय तपासावे, हे जाणकारांनी सांगितल्यास उपकार होतील. गाडी अर्थातच अंगणातच उभी आहे. रस्त्यावर काढलेली नाही.


रात्रपाळी म्हापसा

आपण चाकांचा क्रम कोणता ठेवला, हे लिहिलेले नाही. आपल्या गाड्यांत चालक उजवीकडे बसतो, म्हणून मास्टर सिलिंडरही उजवीकडे असतो. त्यापासून सर्वांत लांबचे चाक आधी घ्यावे, म्हणजे मागचे डावे, मग मागचे उजवे, मग पुढचे डावे आणि शेवटी पुढचे उजवे. इंजिन बंद असावे. निप्पल पाव फेऱ्यापेक्षा जास्त सोडू नये, आणि पेडल वर येण्याआधी तो बंद झालाच पाहिजे, नाहीतर बाहेर गेलेली हवा परत आत ओढली जाते. आत बसणाऱ्याने ‘दाबले’ असे मोठ्याने सांगावे आणि खालच्याने ‘सोड’ म्हणेपर्यंत पाय हलवू नये. निम्मी कामे इथेच बिघडतात, कारण आतला माणूस कंटाळतो.

दुसरे असे की घाटात जाणाऱ्या गाडीत मी तरी डॉट 5 दर्जाचे ब्रेक ऑइल घालीन, त्याचा उत्कलनबिंदू जास्त आहे. आणि बाटलीत जमा झालेले ऑइल फेकून देऊ नका. ते स्वच्छ दिसत असेल तर सुती कापडातून गाळून टाकीत परत घालता येते. ऑइल काही स्वस्त नाही.


जुना फिटर, फोंडा

चाकांच्या क्रमाबद्दल वर जे लिहिले आहे ते बहुतेक ठिकाणी चालते, पण सगळीकडे नाही. पुढची चाके ओढणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्यांत ब्रेकची यंत्रणा तिरकी विभागलेली असते: पुढचे डावे आणि मागचे उजवे एका वाटेवर, पुढचे उजवे आणि मागचे डावे दुसऱ्या वाटेवर. एक वाट फुटली तरी एक पुढचे आणि एक मागचे चाक थांबवायला उरावे, हा त्यामागचा हेतू. म्हणून काही कंपन्या आधी एका वाटेची दोन्ही चाके आणि मग दुसऱ्या वाटेची, असा क्रम देतात. गाडीच्या पुस्तकात जो दिला असेल तो पाळावा. मात्र क्रम चुकल्यामुळे दीड लिटर ऑइल वाया जात नाही. छोट्या गाडीच्या सगळ्या यंत्रणेत मिळून साधारण अर्धा लिटर ऑइल मावते. आपण ती तीन वेळा धुऊन काढली आहे, तरीही हवा आत आहे; म्हणजे ती अशा जागी बसली आहे की जिथून ऑइल तिला ढकलून नेऊ शकत नाही.

आता आपलेच एक वाक्य पुन्हा वाचा. पुढच्या चाकांचे निप्पल खालच्या बाजूस आल्यामुळे नळी लावणे सोयीचे गेले, असे आपण लिहिले आहे. कॅलिपरचा निप्पल नेहमी वर असतो. हवा ऑइलपेक्षा हलकी असल्याने ती सिलिंडरच्या सर्वांत वरच्या कोपऱ्यात जाऊन बसते, आणि तिला बाहेर पडायला वाट मिळावी म्हणूनच निप्पल तिथे ठेवलेला असतो. आपल्याकडे तो खाली आला असेल तर त्याचा अर्थ एकच: डाव्या बाजूचा कॅलिपर उजवीकडे आणि उजव्याचा डावीकडे बसला आहे. पुष्कळ गाड्यांत दोन्ही कॅलिपर आरशातल्या प्रतिमेसारखे असतात, बोल्टची अंतरेही तीच असतात, त्यामुळे ते उलटसुलट अगदी बिनतक्रार बसतात. ब्रेकही लागतो. फक्त वरच्या भागात हवेचा खिसा कायमचा राहतो आणि आपण कितीही ऑइल ओतले तरी ते त्या खिशाखालून वाहत जाऊन स्वच्छ, बिनबुडबुड्यांचे बाहेर येते. बाहेर येणारे ऑइल स्वच्छ दिसते म्हणून आपल्याला वाटते की काम झाले.

थोडी हवा राहिली तर एवढे काय बिघडते, असे काही जण विचारतात, म्हणून हिशेब मांडतो. मास्टर सिलिंडरचा व्यास 20 मिलिमीटर धरला तर त्याच्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे 3.14 चौरस सेंटिमीटर होते. एक मिलिलिटर जागा भरून काढायला पिस्टनला सुमारे 3.2 मिलिमीटर सरकावे लागते, आणि पेडलची तरफ चौपट धरली तर पायाला जवळजवळ 13 मिलिमीटर जास्त जावे लागते. वातावरणाच्या पन्नासपट दाबाखाली एक मिलिलिटर हवा एक पन्नासांश मिलिलिटर होऊन बसते, म्हणजे ते जवळजवळ सगळेच अंतर फुकट जाते. दोन्ही कॅलिपरमध्ये दोन-दोन मिलिलिटर हवा असली तर पेडल कुठे जाईल, ते आपण पाहतच आहात. पाय मागे घेतला की तीच हवा पुन्हा फुगते. आपल्याला स्प्रिंग जाणवते ती हीच.

मास्टर सिलिंडरबद्दल दुकानदाराचे म्हणणे मला पटत नाही. त्याच्या आतले रबर गेले असते तर पाय स्थिर दाबून धरल्यावर पेडल हळूहळू बुडत गेले असते. आपले पेडल तसे सरकत नाही. तो चांगला आहे असे मी अजून म्हणणार नाही, पण वाईट असल्याचा पुरावा नाही. मात्र टाकी एकदा पूर्ण रिकामी झाली आहे, त्यामुळे मास्टर सिलिंडरमध्येही हवा शिरली असणार. चाकांकडे जाण्याआधी ती तिथेच काढून घ्या. मास्टर सिलिंडरला जोडलेल्या लोखंडी पाइपाचा नट किंचित सैल करावा, खाली जाड फडके धरावे, आतल्याने पेडल सावकाश दाबावे, आणि ते वर सोडण्याआधी नट आवळून घ्यावा. प्रत्येक पाइपाला असे तीन-चार वेळा केले की पुरते. फडक्याबाहेर थेंब उडाले तर लगेच पाणी ओता, कारण हे ऑइल रंग खाते.

हे करताना पेडलखाली एक लाकडाचा ठोकळा ठेवा. जुन्या मास्टर सिलिंडरचा पिस्टन रोजच्या वापरात पहिल्या थोड्या अंतरातच फिरत असतो. त्यापुढच्या भागात वर्षानुवर्षांचा गाळ आणि गंज साचलेला असतो. हवा काढताना पेडल जमिनीपर्यंत दाबले की रबराची धार त्या खडबडीत भागावरून जाते आणि फाटते. चांगला मास्टर सिलिंडर हवा काढताना गेला, असे लोक सांगतात, त्यांतले कितीतरी असेच गेलेले असतात. चार फेऱ्यांत आपल्या पुतण्याने पेडल किती खाली नेले, हे मला ठाऊक नाही, पण आता तरी ठोकळा ठेवा.

दोन गोष्टी पाहून सांगा. एक, पुढच्या होजांना कुठे पीळ पडला आहे का, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर ते चाकाला घासतात का. दोन, हँडब्रेक शक्य तितका वर ओढून ठेवा आणि मग पेडल दाबून पाहा. पहिल्या दाबाला ते नेहमीपेक्षा वर राहिले तर मला कळवा.


नवशिका डिचोलीकर

फिटरसाहेब, आपण म्हणता तेच झाले आहे. टॉर्च घेऊन खाली वाकून पाहिले तेव्हा दोन्ही पुढचे निप्पल खालच्या कोपऱ्यात आहेत आणि उजव्या होजला स्पष्ट पीळ आहे. स्टिअरिंग डावीकडे पूर्ण वळवले की तो चाकाच्या आतल्या कडेपासून बोटभर अंतरावर येतो. खोक्यांवर डावे-उजवे असे काहीही लिहिलेले नव्हते. पण जुने कॅलिपर काढताना मीच दोन्ही एकाच बादलीत टाकले, तेव्हा दोष खोक्याला देऊन उपयोग नाही.

हँडब्रेकची परीक्षाही केली. हँडब्रेक ओढल्यावर पेडल पहिल्या दाबाला साधारण दोन बोटे वर राहते, लिबलिबीत मात्र तसेच आहे. त्याचा अर्थ कृपया सांगावा.


जुना फिटर, फोंडा

त्याचा अर्थ असा की आपल्याकडे दोन वेगळे दोष एकत्र आले आहेत, आणि हवा काढून त्यांतला एकच जाणार आहे. मऊ पेडल आणि खोल जाणारे पेडल यांत लोक फरक करत नाहीत. हवा असली की पेडल लवचीक लागते. मागच्या शू आणि ड्रम यांमधील फट जास्त असली की पेडल आधी रिकामे खोल जाते आणि मग टणक होते. हँडब्रेक ओढल्यावर शू तारेने बाहेर ढकलले जातात, फट भरून निघते, म्हणून पेडल वर राहते.

नवा ड्रम किंवा नवे शू बसवताना ड्रम सहज चढावा म्हणून ॲडजस्टर (शू आणि ड्रममधील फट कमी-जास्त करणारा दातेरी स्क्रू) पूर्ण आत घेतात आणि नंतर तो परत बाहेर काढायचा विसरतात. व्हील सिलिंडरचा व्यास 19 मिलिमीटर धरा. दोन्ही बाजूंचे पिस्टन नेहमीपेक्षा एकेक मिलिमीटर जास्त सरकले तर एका चाकामागे अर्ध्या मिलिलिटरहून अधिक ऑइल जाते, दोन्ही चाकांचे मिळून एक मिलिलिटरपेक्षा जास्त. ती फट हवा काढून भरत नाही.

आधी हँडब्रेकची तार सैल करा. मग ॲडजस्टर थोडा-थोडा बाहेर काढत ड्रम हाताने फिरवून पाहा. शूचा अगदी हलका खरखर आवाज येईल पण चाक अडणार नाही, इथपर्यंत आणा. दोन-चार वेळा पेडल जोरात दाबून शू मध्यावर बसू द्या आणि पुन्हा तपासा. हँडब्रेकची तार सर्वांत शेवटी जुळवायची, आणि तो किती खटक्यांवर लागावा हे पुस्तकात दिलेले असते. तार आधी ताणून हँडब्रेक छान करून ठेवला आणि शू तसेच राहिले, हा उलटा क्रम मी गॅरेजात इतक्या वेळा पाहिला आहे की त्याचे आता नवल वाटत नाही.

कॅलिपरच्या बाजू बदलताना बँजो बोल्टने (होज कॅलिपरला जोडणाऱ्या पोकळ बोल्टने) आवळलेल्या होजच्या दोन्ही बाजूंचे तांब्याचे वॉशर नवे घाला. एकदा दबलेला वॉशर दुसऱ्यांदा नीट बसेलच असे नाही, आणि त्याची किंमत चहाच्या कपापेक्षा कमी आहे. काही जण सांगतील की कॅलिपरच्या बाजू न बदलता तो नुसता ब्रॅकेटमधून सोडवा, पॅडांमध्ये लाकडाची फळी धरा, निप्पल वर येईल असा हातात धरा आणि हवा काढा. हवा तशी निघते, यात शंका नाही. पण होजचा पीळ तसाच राहील आणि दोन वर्षांनी ऑइल बदलणारा दुसरा मेकॅनिक याच खड्ड्यात पडेल.


खारा वारा, वास्को

मूळ प्रश्न सुटला असे दिसते, पण म्हापशाहून जे सल्ले आले आहेत त्यांतील दोन तसेच राहू नयेत म्हणून लिहीत आहे.

पहिला डॉट 5 चा. डॉट 3, डॉट 4 आणि डॉट 5.1 ही तिन्ही ग्लायकॉल प्रकारची द्रव्ये आहेत. डॉट 5 हे सिलिकोन आहे आणि ते या तिघांत मिसळत नाही. नावातील आकडा वाढत गेला म्हणून ते डॉट 4 च्या पुढची पायरी आहे, असा समज होतो, पण 5 आणि 5.1 यांत नातेच नाही. आपल्या गाडीच्या टाकीच्या झाकणावर जे लिहिले असेल तेच घालावे. डॉट 3 सांगितलेल्या गाडीत डॉट 4 सहसा चालते. उलट करू नये. मानकानुसार कोरड्या डॉट 3 चा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सिअस आणि डॉट 4 चा किमान 230 अंश असावा लागतो. त्यात सुमारे 3.7 टक्के पाणी मुरले की हीच किमान मर्यादा अनुक्रमे 140 आणि 155 अंशांवर येते. आपण चोर्ल्याहून खाली उतरताना चाक तापले होते, तेव्हा जुने, पाणी मुरलेले ऑइल उकळले असते तर त्याची वाफ झाली असती, आणि वाफ हवेइतकीच दबते. थंड झाल्यावर पेडल पूर्ववत होते, म्हणून गॅरेजात पोहोचेपर्यंत दोष सापडत नाही.

दुसरा सल्ला गाळून परत घालण्याचा. हे द्रव्य हवेतील ओलावा शोषून घेते. हा त्याचा दोष असला तरी एका अर्थी सोयही आहे, कारण आत शिरलेले पाणी एका जागी साचून पाइप गंजवण्याऐवजी पसरून राहते. पण उघड्या बाटलीत पडलेल्या ऑइलमध्ये ओलावा असतो, जुन्या रबराची भुकटी असते आणि डोळ्यांना न दिसणारे बारीक बुडबुडेही असतात. कापड यांतले काहीच अडवत नाही. रंग स्वच्छ आहे म्हणून ऑइल चांगले, हेही खरे नाही. पाण्याला रंग नसतो. आपल्याकडे पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या चामड्याच्या चपलांनाही बुरशी चढते. त्या हवेत गेल्या वर्षी उघडलेली अर्धी बाटली वर्षभर राहिली होती, आणि डिचोलीकरांनी पहिल्यांदा तीच घातली. पुढच्या फेऱ्यांत ती निघून गेली असेल, तरी कॅलिपर बदलल्यावर एकदा सीलबंद बाटलीतील ऑइलनेच पूर्ण यंत्रणा धुऊन घ्या.

समुद्राकाठच्या किंवा रोज फेरीबोटीने जाणाऱ्या गाड्यांसाठी आणखी एक गोष्ट सांगतो. माझी गाडी काही वर्षे रायबंदरहून चोडणला फेरीने जात असे. धक्क्याच्या उतारावर भरतीचे मचूळ पाणी कायम असते, चाके त्यातून जातात, आणि दोन-तीन वर्षांत निप्पल त्याच्या भोकात असा धरतो की साध्या पान्याने फिरवायला गेले तर डोके गोल होते किंवा निप्पल मुळातून तुटतो. आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे, उघड्या पान्याऐवजी सहा कोनांचा सॉकेट वापरावा, आणि सोडवण्याआधी किंचित आवळण्याच्या दिशेने हलवून पाहावे. 8 किंवा 10 नंबरचा सॉकेट बहुतेक ठिकाणी चालतो. काम झाल्यावर निप्पल फार जोराने आवळू नये, तो आतून पोकळ असतो. त्यावरची छोटी रबरी टोपी हरवली असेल तर नवी घाला. तिच्याअभावी लाल माती आत जाऊन बसते आणि पुढच्या वेळी ऑइल बाहेरच येत नाही.

आणि आपण सगळे त्याला ब्रेक ऑइल म्हणतो, मीही म्हणतो, पण ते तेल नव्हे. कुणी शब्दावर जाऊन टाकीत इंजिन ऑइलचा थेंब घातला किंवा सुटे भाग पेट्रोलने धुतले, तर यंत्रणेतील रबर फुगते, आणि मग मास्टर सिलिंडरपासून होजपर्यंत सगळेच बदलावे लागते. भाग धुवायचे असतील तर ब्रेक ऑइलने किंवा ब्रेक क्लीनरनेच धुवावेत.


रात्रपाळी म्हापसा

डॉट 5 बद्दल माझे चुकले. माझ्या मनात 5.1 होते आणि लिहिताना फरक केला नाही. गाळून घालण्याची सवय मात्र मला माझ्या पहिल्या मालकाकडून लागली होती आणि इतकी वर्षे तिचा विचारच केला नव्हता. सोडतो.


नवशिका डिचोलीकर

काल आणि आज मिळून काम पूर्ण केले, त्याचा वृत्तान्त देतो.

कॅलिपर आपापल्या बाजूस बसवले, तांब्याचे चारही वॉशर नवे घातले, होज सरळ केले. स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत वळवून होज कुठे ताणत किंवा घासत नाही, हे पाहिले. त्यानंतर पेडलखाली सुमारे चार सेंटिमीटर जाडीचा ठोकळा ठेवून मास्टर सिलिंडरच्या पाइपांतून हवा काढली. एका पाइपाला काहीच आले नाही, दुसऱ्याला दोनदा फस्स असा आवाज होऊन फेस आला. मग मागचे डावे, पुढचे उजवे, मागचे उजवे, पुढचे डावे असे घेतले, कारण माझ्या गाडीच्या पुस्तकात तोच क्रम निघाला. पुढच्या उजव्या कॅलिपरच्या निप्पलमधून पहिल्या दाबाला जो बुडबुडा आला तो बाटलीत गुडगुड करत इतका वेळ येत राहिला की पुतण्या आतून विचारू लागला की काही फुटले तर नाही ना. डावीकडूनही तसाच आला, थोडा लहान. दर चाकानंतर टाकी भरत राहिलो आणि या खेपेस ती एकदाही खालच्या खुणेपाशी जाऊ दिली नाही. सगळे मिळून पाऊण लिटर ऑइल लागले.

हवा गेल्यावर लिबलिबीतपणा पूर्ण गेला, पण पेडल तरीही पहिल्या दाबाला निम्म्यापर्यंत जात होते आणि दुसऱ्याला वर येत होते. म्हणजे फिटरसाहेबांनी सांगितलेला दुसरा दोष अगदी सुटा होऊन समोर आला. मागचे दोन्ही ॲडजस्टर खरोखरच पूर्ण आत होते. डाव्या बाजूस अकरा दात आणि उजव्या बाजूस नऊ दात फिरवल्यावर शूची खरखर ऐकू आली. आता पहिल्या दाबालाच पेडल वरच्या एक तृतीयांश भागातच टणक होते. इंजिन बंद ठेवून पाच-सहा वेळा पेडल दाबले, पाय तसाच ठेवून गाडी सुरू केली, तेव्हा पेडल थोडे खाली गेले. म्हणजे बूस्टरही (इंजिन चालू असताना पायाच्या दाबाला जोड देणारा भाग) चालतो आहे. इंजिन चालू ठेवून एक मिनिट जोराने दाबून धरले, पेडल बुडले नाही. मास्टर सिलिंडर बदलण्याचा बेत रद्द केला आहे.

आज सकाळी आमच्या वाड्यातल्या रिकाम्या रस्त्यावर आधी पायी चालण्याच्या वेगाने, मग हळूहळू वाढवत पाहिले. गाडी सरळ थांबते. चाळीस किलोमीटर फिरवून आल्यावर चारही चाकांच्या आत कागद लावून पाहिला. कोरडा आहे, आणि टाकीतील पातळीही हललेली नाही. घाटात मात्र इतक्यात जाणार नाही. नवे शू ड्रमला पूर्ण धरेपर्यंत पणजीपर्यंतच चालवीन.

एक शेवटची शंका आहे. माझ्या चुलतभावाच्या गाडीला एबीएस आहे आणि तिचेही होज बदलायचे आहेत. तिथे हीच रीत चालेल का? सर्वांना देव बरें करूं.


जुना फिटर, फोंडा

टाकी रिकामी होऊ दिली नाही तर बहुतेक वेळा चालते. 2019 पासून नव्या गाड्यांत एबीएस अनिवार्य झाले आहे, त्यामुळे हा प्रश्न आता प्रत्येकालाच येणार. एबीएसच्या ठोकळ्यात असे काही मार्ग असतात की त्यांच्या झडपा नेहमी बंदच असतात आणि एबीएस चालू झाला तरच उघडतात. टाकी कोरडी पडून हवा तिथपर्यंत गेली तर पेडल दाबून ती निघत नाही. स्कॅनर जोडून पंप आणि झडपा चालवाव्या लागतात आणि त्याच वेळी निप्पलमधून ऑइल सोडावे लागते. काही वेळा असे होते की हवा त्या बंद मार्गात अडकून राहते, पेडल छान टणक लागते, आणि एखाद्या पावसाळी दिवशी एबीएस पहिल्यांदा चालला की ती हवा मुख्य वाटेत येऊन पेडल एकदम मऊ होते. म्हणून भावाला सांगा की होज सोडल्याबरोबर पाइपाच्या तोंडावर रबरी टोपी चढवावी, एका वेळी एकाच चाकाचा होज बदलावा, आणि रात्री काम अर्धवट सोडू नये. फडके बांधून थांबत नाही, हे आपण पाहिलेच आहे.

आणि जुने कॅलिपर बादलीत टाकण्याआधी त्यांवर खडूने डावे-उजवे लिहायला सांगा.